मुक्याचे दुखणे आणि प्रतिमेची साक्ष

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, धार, देवास येथे ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांचे मूळ पुरुष या प्रांतांत घोड्यावर बसून आले. त्यांच्या सनदा, त्यांना मिळालेली इनामे आणि त्यांनी गाजवलेल्या मोहिमा यांविषयी आपल्या मंडळींनी विपुल लिहिले आहे. ज्या खुरांवर हा सारा प्रवास झाला, त्या खुरांविषयी मात्र आपल्याकडे फारसे लेखन आढळत नाही. वास्तविक बारगीर आणि शिलेदार हा मराठी फौजेतील भेदच मुळी घोडा कोणाचा या प्रश्नावर उभा होता. बारगीराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. तो घोडा पायाने अधू झाला की शिलेदाराची शिलेदारीच धोक्यात येई. म्हणून घोड्याचा पाय का दुखतो, नेमका कोठे दुखतो आणि ते ओळखावे कसे, हा प्रश्न केवळ पशुवैद्यांचा नव्हे. तो आपल्या पूर्वजांच्या पोटाचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मानवाने जी वाटचाल केली, तिचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. हा इतिहास यंत्रांचा आहे, तसाच तो चुकीच्या निवाड्यांचाही आहे. घोडा मुका. त्याची साक्ष कोणी काढावयाची आणि ज्या साधनाने ती काढली त्या साधनावर किती विसंबावयाचे, हा त्यातील खरा कळीचा मुद्दा आहे.

सालोत्र्यांचा काळ

आपल्याकडे अश्वविद्येची परंपरा शालिहोत्र या ऋषीच्या नावाशी जोडली जाते. पांडवांपैकी नकुल हा अश्वविद्येत निपुण मानला गेला; अज्ञातवासात विराटाच्या पदरी ग्रंथिक हे नाव धारण करून तो घोड्यांचीच निगा राखीत होता. शालिहोत्राच्या नावावर चालणाऱ्या संस्कृत ग्रंथांची पुढे फारसीतही भाषांतरे झाली, आणि घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणण्याचा प्रघात पडला. इंग्रजांच्या हिंदी घोडदळानेही हाच शब्द उचलला.

सालोत्र्याची साधने तीन: डोळा, हात आणि कान. घोड्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवावयाचे आणि त्याच्या मानेकडे पाहावयाचे. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकतो तेव्हा खाली करतो, हे निरीक्षण शेकडो वर्षांचे आहे आणि आजही खरे आहे. नंतर खुरावर हात ठेवून ऊब पाहावयाची, खुराच्या वरच्या बाजूस नाडी लागते ती चाचपावयाची आणि नालबंदाच्या हातोडीने खुराच्या कडेवर हलके ठोकून घोडा पाय ओढून घेतो काय हे पाहावयाचे. टापांचा आवाज ऐकूनच कोणता पाय कमी भार घेतो हे सांगणारे मोतद्दार आणि साईस पुष्कळ संस्थानांच्या पागांमध्ये असत.

ही विद्या सामान्य नव्हती. तथापि तिला एक मर्यादा होती, आणि ती खुराच्या रचनेतच होती. घोड्याचे खूर म्हणजे शिंगासारख्या पदार्थाची बंद पेटी. शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले तर ते आपल्या मधल्या बोटाचे टोक आणि त्यावरील नख होय. या पेटीत तीन हाडे एकत्र येतात: तळाशी खुराच्याच आकाराचे एक हाड, त्यावर टेकणारे आखूड हाड आणि या दोहोंच्या मागे आडवे बसलेले दोन-सव्वादोन इंच लांबीचे एक लहानसे हाड. या तिसऱ्या हाडाचा आकार होडीसारखा असल्यामुळे युरोपीय शास्त्रज्ञांनी त्याला नावेवरून नाव दिले. आपण त्याला नौकास्थी म्हणू. नौकास्थीच्या मागून एक जाड कंडरा दोरखंडासारखी जाऊन खुराच्या हाडाला जुळते. दोहोंच्या मध्ये वंगणाची एक बारीक पिशवी असते. सभोवार लहान-मोठे अस्थिबंध असतात. घोड्याच्या वजनापैकी शेकडा ६० च्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो. धावताना तो कित्येक पटींनी वाढतो. तो सारा या इवल्या सांध्यातून जमिनीवर उतरतो.

एवढ्या दाटीवाटीच्या जागेत दुखणे उद्भवले म्हणजे बाहेरून हात लावून काय कळणार? पाय दुखतो हे कळे, खुरात दुखते हेही कळे. परंतु हाड दुखते, कूर्चा झिजली की कंडरा फाटली, हे सांगणे सालोत्र्याला शक्य नव्हते.

मृत्यूनंतरचे ज्ञान

युरोपात पशुवैद्यकाला शाळेचे रूप आले ते क्लोद बुर्जेला यांनी १७६१ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे स्थापन केलेल्या विद्यालयामुळे. त्याच्या थोडेसे आधी, अठराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडात जेरेमाया ब्रिजेस यांनी घोड्याच्या पावलाच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच ‘पाऊल नाही तर घोडा नाही’ असा होतो. खुराच्या आतील सांध्याचे लंगडेपण त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवले होते.

परंतु नौकास्थीवर नेमके बोट ठेवण्याचे श्रेय ज्या गृहस्थाकडे जाते, त्याचे नाव आपल्या इतिहासातही येते. विल्यम मूरक्रॉफ्ट हा लँकेशायरचा. प्रथम माणसांच्या शस्त्रवैद्यकाचे शिक्षण घेऊन तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लियाँला गेला आणि पशुवैद्यकाची रीतसर पदवी घेणारा पहिला इंग्रज ठरला. १८०४ मध्ये लंगड्या घोड्यांचे पाय मृत्यूनंतर छेदून पाहताना या लहानशा हाडाचा कंडरेकडील पृष्ठभाग खडबडीत होऊन झिजलेला त्यास आढळला. पुढे १८१६ मध्ये जेम्स टर्नर यांनी याच विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि तो पशुवैद्यकात रूढ झाला.

वाचकांना आठवण करून देणे अगत्याचे आहे की, हेच १८०४ साल यशवंतराव होळकरांच्या घोडदळाने कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत माघार घ्यावयास लावली ते साल होय. मराठ्यांशी झालेल्या या युद्धांनी चपळ घोडदळाचे मोल कंपनी सरकारच्या चांगलेच ध्यानात आले असले पाहिजे. चार वर्षांनी, १८०८ मध्ये, मूरक्रॉफ्ट कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात दाखल झाला आणि बिहारातील पुसा येथील घोड्यांच्या पैदास केंद्राचा अधीक्षक झाला. चांगल्या जातीच्या घोड्यांचा ध्यास त्याला स्वस्थ बसू देईना. १८१२ मध्ये त्याने मायापुरी नावाच्या गोसाव्याचा वेश घेऊन मानसरोवर गाठले. पुढे लडाख, काश्मीर, काबूल असा प्रवास करीत तो घोड्यांच्या शोधात बुखाऱ्यापर्यंत पोहोचला आणि परतीच्या वाटेवर २७ ऑगस्ट १८२५ रोजी अंदखुई येथे मरण पावला. त्याचे प्रवासवृत्त होरेस हेमन विल्सन यांनी संपादून १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवासी म्हणून तो प्रसिद्ध आहे. परंतु त्याची ही दुसरी ओळख आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

मूरक्रॉफ्ट आणि टर्नर यांचे ज्ञान खरे होते, पण ते मृत घोड्याविषयीचे होते. जिवंत घोड्याच्या खुरात तोच विकार आहे हे अनुमानानेच ठरवावे लागे. आणि अनुमानावर कठोर उपाय होऊ लागले. त्यांपैकी एक म्हणजे खुराकडे जाणारा मज्जातंतू कापून टाकणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विल्यम सेवेल यांच्या नावाशी ही शस्त्रक्रिया जोडली जाते. तंतू कापला की वेदना थांबे आणि घोडा सरळ चालू लागे. परंतु रोग जागच्या जागी राही. पावलात खिळा रुतला तरी घोड्याला कळत नसे. झिजलेली कंडरा एखाद्या दिवशी धावताना तुटून जाई. असा घोडा निरोगी म्हणून बाजारात खपवणेही अवघड नव्हते. वेदना नाहीशी झाली म्हणजे रोग गेला, हा पहिला भ्रम होय.

क्ष-किरणांचे राज्य

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्षअखेरीस त्यांनी तो जाहीर केला. या शोधाचा प्रसार ज्या वेगाने झाला त्याला तोड नाही. १८९७-९८ च्या वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर हे यंत्र घेऊन डोंगरांत गेले होते आणि जखमी शिपायांच्या अंगातील गोळ्या शोधीत होते. घोडाही मागे राहिला नाही. १८९६ मध्येच लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील फ्रेडरिक हॉब्डे यांनी जॉन्सन या सहकाऱ्याच्या साहाय्याने पशुवैद्यकात या किरणांचा वापर करून त्यावर लेख लिहिला. आपल्याकडे मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू होऊन तेव्हा जेमतेम १० वर्षे झाली होती.

खूर हा या नव्या किरणांसाठी सोयीचा अवयव होता. तो धडाइतका जाड नाही, आणि जमिनीलगत असल्याने काचेची पट्टी त्याच्यामागे धरता येते. तथापि अडचणीही होत्या. आरंभीच्या नळ्या दुबळ्या असल्याने चित्र उमटण्यास फार वेळ लागे, आणि तेवढा वेळ घोड्याने पाय हलवावयाचा नाही! खुराखालची नाल काढावी लागे. तळव्यावरच्या खाचांत हवा राहिली तर चित्रात हाडाला भेग पडल्यासारखी काळी रेघ उमटे. म्हणून त्या खाचा मळलेल्या कणकेसारख्या पदार्थाने भरून काढण्याची युक्ती रूढ झाली. ती आजतागायत चालू आहे. नौकास्थी तर दुसऱ्या दोन हाडांच्या आड लपलेली. १९३५ मध्ये ऑक्सस्प्रिंग यांनी या विकाराच्या क्ष-किरण परीक्षेवर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. खूर पुढे कलवून लाकडी ठोकळ्यावर टेकवावयाचे आणि किरण विशिष्ट कोनातून सोडावयाचे, म्हणजे नौकास्थी बाकीच्या हाडांतून सुटी दिसते, ही पद्धत पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

येथून पुढची पन्नास-साठ वर्षे खुराच्या बाबतीत क्ष-किरणांचे राज्य होते असे म्हणावयास हरकत नाही. चित्रात नौकास्थीच्या खालच्या कडेला लहान-लहान काळी छिद्रे दिसली, त्यांचा आकार देठावरच्या फुलासारखा रुंदावलेला आढळला, की निदान पक्के. घोडा विकत घेणाऱ्याचा सौदा मोडे, खेळातला घोडा निवृत्त होई, कित्येकदा त्याला गोळीही घातली जाई.

कारणमीमांसाही चित्राबरोबर चालू लागली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात कोल्स आणि हिकमन यांनी या हाडाच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करून, रक्तपुरवठा खुंटल्याने हा विकार होतो असे प्रतिपादन केले. त्यावरून रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन हे औषध घोड्यांना देण्याचा उपचार पुढे आला. हे औषध उंदीर मारण्यासाठीही वापरले जाते. मात्रा थोडी चुकली तर घोड्याच्या अंगात रक्तस्राव होण्याचे भय. पुढील दशकात इतर संशोधकांनी दाखवून दिले की, रक्तवाहिन्या तुंबण्यापेक्षा हा प्रकार सांध्याच्या झिजेशी, म्हणजे आपल्याकडे ज्याला म्हातारपणचा संधिवात म्हणतात त्याच्याशी, अधिक मिळताजुळता आहे. वॉरफरिनचा उपचार मागे पडला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस मुद्दाम निरोगी घोड्यांच्या नौकास्थींची चित्रे काढून तपासण्यात आली, तेव्हा ज्या खुणांवरून घोड्यांना रोगी ठरवले जात होते, त्यांपैकी पुष्कळ खुणा कधीही न लंगडलेल्या घोड्यांतही आढळल्या. उलट, लंगडणाऱ्या कित्येक घोड्यांची चित्रे निर्मळ येत. याचे कारण किरणांच्या स्वभावातच होते. क्ष-किरणांना कूर्चा दिसत नाही, कंडरा दिसत नाही, अस्थिबंध दिसत नाही; त्यांना दिसते ते हाड. आणि हाडातील क्षार तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कमी होईपर्यंत झीज चित्रात धड उमटतही नाही. जे दिसत होते तेच दोषी ठरत होते. हा दुसरा भ्रम, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक काळ टिकला, कारण त्याच्या पाठीशी छायाचित्राची प्रतिष्ठा होती.

सुन्न करण्याची परीक्षा

वेदनेची जागा शोधण्याचा आणखी एक मार्ग याच काळात वापरात होता. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचा गुण दाखवून दिल्यानंतर थोड्याच वर्षांत पशुवैद्यांनी ते घोड्याच्या पायातील मज्जातंतूंभोवती टोचून पाहावयास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून लिग्नोकेनसारखी अधिक निर्धोक औषधे मिळाली. रीत सोपी: एक भाग सुन्न करावयाचा आणि घोडा पळवून पाहावयाचा, लंगडणे थांबले तर दुखणे त्या भागात. मुक्या प्राण्याकडून उत्तर काढण्याची ही युक्ती फार मोलाची आहे, आणि आजचा कोणताही जाणता पशुवैद्य यंत्राकडे वळण्यापूर्वी प्रथम तिचाच अवलंब करतो.

परंतु येथेही निष्कर्ष फार घाईने काढला जाई. टाचेकडील तंतू सुन्न केल्यावर घोडा सरळ चालला तर दोष नौकास्थीचाच, असे पुष्कळ वर्षे गृहीत धरले गेले. १९९० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी दाखवले की, टोचलेले औषध जागच्या जागी राहत नाही, ते पसरते. आणि सांध्यात टोचलेले औषधही नौकास्थीला सुन्न करते. म्हणजे ही परीक्षा दुखण्याची आळी दाखवीत होती, घर क्रमांक नव्हे.

नवी यंत्रे, नवे आरोपी

हाडापलीकडे पाहण्याचे प्रयत्न अनेक दिशांनी झाले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील उल्ट्शी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा उपयोग केला होता. हे द्रव्य शिरेतून दिले की जेथे हाडात उलाढाल चालू आहे तेथे ते साठते आणि विशेष कॅमेऱ्याला तो भाग उजळ दिसतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत रँटेनन यांनी कंडरांसाठी ध्वनिलहरींचे चित्रण प्रचारात आणले. पण खुराच्या शिंगासारख्या भिंतीतून ध्वनी आत जात नाही, त्यामुळे घोड्याच्या पायाचा वरचा भाग या यंत्राने उलगडला तरी खूर बंदच राहिले.

ती पेटी खऱ्या अर्थाने उघडली चुंबकीय अनुनादाच्या चित्रणाने, ज्याला आपण सर्वजण एम.आर.आय. म्हणून ओळखतो. या तंत्रासाठी लाउटरबुर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांच्या रुग्णालयांत हे यंत्र १९८० च्या दशकातच आले होते. घोड्याला त्यात घालणे मात्र सोपे नव्हते. चार-पाचशे किलो वजनाच्या जनावराला पूर्ण भूल द्यावी लागे, आणि घोड्याला भूल मानवत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या एका मोठ्या पाहणीत, पोटशुळाच्या शस्त्रक्रिया वगळता इतर घोड्यांतही शंभरात जवळजवळ एक घोडा भुलेमुळे किंवा त्यानंतरच्या दिवसांत दगावल्याचे दिसले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाने जिवंत घोड्यांवर हा प्रयोग सुरू केला. नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडात असे यंत्र तयार झाले की घोडा उभाच राहतो, त्याला थोडी गुंगी दिली जाते आणि त्याचे खूर घोड्याच्या नालेसारख्या उघड्या चुंबकात ठेवले जाते.

या चित्रांनी काय दाखवले? न्यूमार्केट येथील पशुआरोग्य संस्थेत सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या तीन वर्षांत खुराच्या वेदनेने लंगडणाऱ्या १९९ घोड्यांची या पद्धतीने तपासणी केली आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांत जास्त आढळली ती नौकास्थीच्या मागून जाणाऱ्या कंडरेची इजा. त्याखालोखाल खुराच्या सांध्याच्या बाजूंना असलेल्या अस्थिबंधांची. पुष्कळ घोड्यांत एकाहून अधिक भाग बिघडलेले होते. म्हणजे दोनशे वर्षे ज्या एका हाडाच्या नावाने सारा विकार ओळखला जात होता, ते हाड कित्येक वेळा एकटे दोषी नव्हते, आणि काही वेळा मुळीच दोषी नव्हते. याचा परिणाम उपचारांवर झाला. फाटलेल्या कंडरेला हवी असते दीर्घ विश्रांती आणि क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम. झिजलेल्या सांध्याचे गणित निराळे. दोन्ही एकाच नावाखाली आले म्हणजे दोन्ही घोड्यांना एकच नाल आणि एकच औषध मिळणार. मूळ आजाराचे नावही बदलले. पुष्कळ पशुवैद्य आता त्याला एक रोग न म्हणता टाचेच्या वेदनेचा लक्षणसमूह म्हणणे पसंत करतात.

न्यूमार्केटची ती संस्था २०२० मध्ये बंद पडली. तिने पाडलेली वाट मात्र चालू आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे २०१५ मध्ये घोड्यावर पेट हे चित्रण प्रथम करण्यात आले. सांता अनिता या शर्यतीच्या मैदानावर डिसेंबर २०१८ पासूनच्या सहा महिन्यांच्या हंगामात ३० घोडे दगावल्याने मोठा गहजब झाला, आणि २०१९ च्या अखेरीस तेथे उभ्या घोड्याच्या पायाचे असे चित्रण करणारे यंत्र बसवण्यात आले. २०२० च्या मेलबर्न कपमध्ये अँथनी व्हॅन डाइक हा नामांकित घोडा पायाचे हाड मोडून गेला; २०२१ पासून त्या शर्यतीसाठी येणाऱ्या परदेशी घोड्यांच्या पायांचे सी.टी. स्कॅन सक्तीचे झाले. यातील मोडतोड बहुधा खुराच्या वरच्या सांध्याची असते. परंतु रोग बळावण्याआधी तो पाहावा हे तत्त्व खुराच्या अभ्यासातूनच दृढ झाले.

दफ्तर आणि घटना

आमचे उमेदीचे आयुष्य शासकीय दफ्तरांत गेले, म्हणून असेल कदाचित, पण या साऱ्या इतिहासात आम्हांस एक ओळखीची खोड दिसते. दफ्तरात ज्याची नोंद आहे तेच घडले, आणि ज्याचे नाव नोंदीत आहे तोच जबाबदार, असे मानण्याची ती खोड. क्ष-किरणांच्या दफ्तरात केवळ हाडांची नोंद होत होती; कंडरेसाठी त्यात रकानाच नव्हता. म्हणून साठ वर्षे हाडावर आरोप होत राहिला.

इतिहासलेखनातही असेच घडते. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुष्कळ काळ तोच प्रमाण मानला गेला. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून पानिपतच्या काळची मराठी पत्रे लोकांपुढे ठेवली, तेव्हा कोणत्या प्रसंगाचा दोष कोणाकडे जातो याचा विचार नव्याने करावा लागला. जुने कागद खोटे होते असे नव्हे. ते अपुरे होते. क्ष-किरणही खोटे बोलले नाहीत. त्यांना जेवढे विचारता येत होते तेवढ्याचेच उत्तर त्यांनी दिले; सारा खटला त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर निकालात काढला तो माणसांनी.

आणि नव्या यंत्रांनाही हाच न्याय लागू आहे. चुंबकीय चित्रात इतके बारकावे दिसतात की ज्याचा त्रास नाही असा एखादा जुना व्रणही उमटतो. पाहणाऱ्याने तो वेदनेचे कारण म्हणून उचलला तर क्ष-किरणांचीच पुनरावृत्ती व्हावयाची. म्हणूनच आधी घोडा चालवून पाहा, मग सुन्न करून जागा ठरवा आणि मग चित्र काढा, हा क्रम आजचे जाणकार सोडीत नाहीत.

घोड्यांच्या बाजारात या क्रमाचे महत्त्व विशेष कळते. बडोद्याच्या वाचकांना ठाऊकच आहे की महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. ती त्या काळची विक्रमी किंमत होती. आजोबांच्या नावावरून सयाजीराव असे नाव मिळालेल्या त्या घोड्याने १९४७ मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. ती खरेदी वंशावळ, ठेवण आणि चाल पाहून झाली. आज अशा लिलावांत शिंगराच्या पायांची क्ष-किरण चित्रे गिऱ्हाइकांसाठी मांडून ठेवलेली असतात. अमेरिकेतील मोठ्या लिलावांत ही प्रथा १९९० च्या दशकात रूढ झाली. एका डागावरून शिंगराची किंमत निम्म्यावर येऊ शकते. आणि तरीही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक हजाराहून अधिक शिंगरांच्या अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, चित्रांत दिसणाऱ्या बहुतेक बदलांचा पुढे घोडा शर्यतीत उतरेल की नाही याच्याशी ठळक संबंध नव्हता. थोडेच बदल खरोखर घातक ठरले.

आपल्या देशातील घोड्यांचे चित्र याहून फार निराळे आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरली. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांवर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी घातली. जी जनावरे उरली त्यांपैकी पुष्कळ वीटभट्ट्यांवर, टांग्यांना, लग्नाच्या वरातींत आणि माथेरानसारख्या गिरिस्थानी राबतात. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा आजही अंगावरचे भोवरे आणि पायांवरचा पांढरेपणा न्याहाळतो. पंचकल्याणी घोड्याला चार पैसे जास्त मिळतात. वीटभट्टीवरच्या तट्टासाठी चुंबकीय यंत्र कोण आणणार?

परंतु या इतिहासाने दिलेली शिकवण त्या तट्टाच्या धन्यालाही फुकट उपलब्ध आहे. घोडा कठीण जमिनीवर दहा पावले चालवावा, त्याची मान पाहावी, दोन्ही खुरांवर हात ठेवून ऊब ताडून पाहावी आणि वेळच्या वेळी नालबंदाकडून खूर छाटून समतोल करून घ्यावे. टाच फार खाली गेली आणि पुढचे टोक लांबले की मागच्या कंडरेवर ताण येतो, हे आता चित्रांनीही सिद्ध झाले आहे. वेदनेची गोळी देऊन किंवा चाबूक मारून लंगडणे दडवणे म्हणजे मज्जातंतू कापणाऱ्यांचाच जुना भ्रम होय.

सालोत्र्यांची ही पाहण्याची विद्या आपल्या संस्थानी घराण्यांत एकेकाळी जिवंत होती. पागा गेल्या, मोतद्दारांची मुले दुसऱ्या उद्योगांना लागली, आणि बहुतेक ठिकाणी ती विद्या कोणी लिहून ठेवली नाही. ज्यांच्या घरी पागेचे जुने हिशेब, चंदीच्या वह्या, नालबंदांच्या मजुरीच्या याद्या किंवा अश्ववैद्यकाच्या हस्तलिखित पोथ्या अद्याप शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. घोडा कोणत्या महिन्यात अधू झाला, त्याला कोणते औषध दिले, किती दिवस विश्रांती दिली, या नोंदी कदाचित अशाच वह्यांत दडलेल्या असतील. मूरक्रॉफ्टची नोंद राहिली म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच सुमारास आपल्या पागांमधून घोड्यांचे पाय हातात घेऊन बसणाऱ्या माणसांची नावे मिळतील, तर त्या वह्यांतूनच मिळतील.